नाव न घेता

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला कामावरच्या एखाद्या माणसावर लेख लिहायचा होता, आणि चिमीला माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची मावशी एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसत होती. घाबऱ्याघुबऱ्या माणसाचा जीव तिच्या नुसत्या ‘बोला’नेच भांड्यात पडायचा.

चिमी दोन दुपारी तिच्या शेजारी स्टुलावर बसली. दुसऱ्या दुपारी डबा खाताना मावशी एकदम बोलून गेली. बारा वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने फोनवर बायकोची चौकशी केली होती. मावशीने घाईत भलत्याच वॉर्डाला विचारलं, त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाईची खबर घेतली आणि सांगितलं, "बऱ्या आहेत, उद्या या सावकाश." त्याची बायको त्याच संध्याकाळी गेली.

"हे तुला म्हणून सांगितलं हं. पेपरात नको."

"छे गं!" चिमी म्हणाली.

पण लिहायला बसल्यावर त्या प्रसंगावाचून लेख अगदीच अळणी वाटायला लागला. तिने मनाची समजूत घातली, नाव कुठे घेतेय मी? ‘एक ऑपरेटर’, एवढंच तर लिहायचं. सरांनी विचारलं, "हे छापायला त्यांची हरकत नाही ना?"

"नाही सर." तिची पापणीसुद्धा लवली नाही.

विभागाच्या पाक्षिकात लेख पहिल्या पानावर आला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. चिमीचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. अंक इस्पितळात पोचला होता, आणि तिथे दिवसपाळीला ऑपरेटर एकच होती. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना मावशीला बोर्डावरून उठवून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं होतं.

चिमी गेली तेव्हा मावशी भाजी निवडत होती.

"ये. चपला काढ आधी."

"मावशी, मी पुढच्या अंकात जाहीर माफी मागते."

"म्हणजे आणखी एकदा छापणार मला?"

चिमी तिच्यासमोर खाली बसली.

"तू खोटं काहीच लिहिलं नाहीस," मावशी म्हणाली. "चूक माझीच. त्या माणसाला कधीतरी जाऊन सांगायला हवं होतं. पण ते मी सांगायचं होतं, चिमे. तू नव्हे."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चिमीने सरांना खरं सांगितलं. त्यांनी गुणांची वही उघडली. मग तिच्या नावापुढचे गुण खोडून म्हणाले, "नवा लेख दे. आणि या वेळी त्या माणसाला मी स्वतः विचारणार." वर्गात त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, ते तिला जास्तच लागलं. सर इस्पितळातही जाऊन आले, पण तिथे कुणी दाद दिली नाही.

मावशी रेकॉर्ड रूममधूनच निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी तिने चिमीला जवळ घेतलं, केकचा मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला. थोड्या वेळाने ती कोपऱ्यात एका जुन्या नर्सला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. चिमी पाणी घेऊन जवळ गेली, तशी मावशी थांबली आणि हसली.

"काही नाही गं, आमचं आपलं जुनं."