बदाम राजा कुणाकडे

सोमवारी दुपारी आम्ही चौघं गॅलरीत पत्ते खेळत होतो, ते माझा धाकटा भाऊ हैथम जाणार की राहणार हे ठरवायला. गुरुवारी पहाटे तो अल-मिना बंदरातून नावेत बसणार होता, सायप्रसकडे. ऐकणाऱ्याला हसू येईल.

कल्पना त्याचीच. आई चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. मी बोलत होते, म्हणजे ओरडत होते. समोरची समीरा अजून दर आठवड्याला तिच्या मुलाचे, वलीदचे शर्ट धुऊन वाळत घालते. वलीद मागच्या वर्षी अशाच नावेत बसला आणि कुठेच पोचला नाही. ते शर्ट मी हैथमला बोट करून दाखवले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "बरं, पत्ते काढ, तर्नीब खेळू. तू आणि मी एका बाजूला, नेहमीसारखे. जिंकलो तर राहतो. हरलो तर तुम्ही दोघींनी तोंड बंद ठेवायचं."

मग त्यानं ताटातला रोटीचा तुकडा उचलला, ओठांना आणि कपाळाला लावला आणि शपथ घेतली की खरं खेळेन. रोटीची शपथ आमच्याकडे सहसा कुणी मोडत नाही. पण सिगारेट सोडायची शपथही त्यानं रोटीवरच घेतली होती, आणि ती किती टिकली ते मला माहीत होतं.

विरुद्ध बाजूला होता फादी, हैथमचा लहानपणापासूनचा मित्र. त्याच नावेतून जाणारा, आणि एकट्यानं जायला नको म्हणून जिवाच्या आकांतानं खेळणारा. त्याचा भिडू आमचा खालो गस्सान, आईचा भाऊ. आई दारात उभी राहून त्याला डोळ्यांनी विनवत होती, पण खालोनं आयुष्यात कुणाला एक हात सोडलेला नाही. स्वतःच्या बायकोलाही नाही.

डाव एकेचाळीसचा. ते छत्तीसवर, आम्ही बत्तीसवर. पत्ते वाटून झाल्यावर फादी म्हणाला, "आठ." फादी उगाच बोलत नाही. तेरांतले आठ हात त्यानं केले असते की खेळ संपला.

"नऊ," मी म्हणाले. "हुकूम इस्पिक."

"नऊ?" खालो हसला. "पोरी, हातातले पत्ते मोजलेस, की देवावर सोडलंस?"

नऊ झाले तर आमचे एकेचाळीस. एक जरी कमी पडला तर त्यांचे पाच, आणि एकेचाळीस त्यांचे. मधलं काही नव्हतं.

प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पत्ते उरले, तेव्हा आमचे सात हात झाले होते आणि त्यांचे चार. मला दोन्ही हवे होते. माझ्याकडे इस्पिक राणी आणि बदाम तिर्री. बाहेर एकच हुकूम राहिला होता, तो फादीकडे. बदाम त्याच्याकडे नव्हतंच, म्हणजे मी आधी तिर्री टाकली तर तो हुकमानं मारणार. आधी राणीनं त्याचा हुकूम ओढायचा, मग तिर्री. आणि तिर्रीवर हैथमनं बदाम राजा टाकायचा. एक्का कधीच गेला होता. राजा खालोकडे असेल तर सगळंच आटोपलं. तेव्हा तो हैथमकडेच आहे असं धरून खेळायचं. दुसरी वाट नव्हती.

पण खरी भीती पुढे होती. राणी पडली की हैथमला दोनातला एक पत्ता फेकावा लागणार, कारण इस्पिक त्याच्याकडे नव्हतं. कुठला फेकायचा ते त्याच्या मनावर. राजा फेकला असता तर "चुकलं" म्हणून मोकळा झाला असता, आणि गुरुवारी नावेत. त्याच्यावर भरवसा न ठेवता जिंकायची सोयच नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं.

"रुबा, डोळे पत्त्यांवर," खालो म्हणाला.

मी राणी टाकली. फादीनं तोंड वाकडं करून आपली दश्शी सोडली. हैथमचा अंगठा आधी एका पत्त्यावर गेला, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर.

"टाक की रे, नाव सुटेल," फादी म्हणाला.

हैथमनं किलवर दुर्री टाकली. खालोनं एक चौकट फेकली.

मला अजून काहीच कळलं नव्हतं. राजा खालोकडेही असू शकत होता. मी तिर्री खाली ठेवली तेव्हा ती बोटांना चिकटून आली. फादीनं चौकट टाकली. हैथमनं आपला पत्ता उलटा केला. बदाम राजा.

खालोनं बदाम अठ्ठी टाकली, "नऊ," एवढंच म्हणाला आणि उठून आत गेला.

"मला वाटत होतं, तू आधी बदाम खेळशील," हैथम हळूच म्हणाला.

"का?"

"मी राजा फेकून देईन असं वाटून." तो पुढे वाकला तेव्हा दिसलं, त्याचा शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता. मी म्हणजे घाबरायचा मक्ता एकटीनं घेतल्यासारखी चार दिवस ओरडत होते.

आई बाहेर आली. चार दिवसांनी त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. "ती कॉफी गार झालीय, पिऊ नकोस. दुसरी करते."

फादी पत्ते गोळा करत होता. गड्डी काही त्याच्या हातात सारखी होईना.

"म्हणजे गुरुवारी मी एकटाच," तो म्हणाला, आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही. त्याची आई तो सात वर्षांचा असताना वारली. त्याच्यासाठी पत्ते खेळायला बसेल असं त्या घरात कुणी नव्हतं. माझी भीती गेली नव्हती, तिनं फक्त खुर्ची बदलली होती.

"हैथम, ऊठ," मी म्हणाले. "फादी, तू तिकडे बस, माझ्यासमोर. आणि पिस."

"कशाला?"

"तुला चांगलं माहितीय कशाला."

तो जिन्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी शपथबिपथ घेणार नाही हं, रुबा."

आई पुढे आली. तिनं रोटीचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि तिथेच उभी राहिली. शेवटी फादीनं एक तुकडा तोडला. मी पत्ते त्याच्या हातातून घेतले आणि पिसायला लागले.