नेमगोंडा पाटलांची सायकल

राजमतीनं गल्लीत इकडंतिकडं बघितलं, खाली बसली आणि नेमगोंडा पाटलांच्या सायकलीच्या मागच्या चाकाची पिन पिळून काढली. फुस्स करून सगळी हवा गेली. पिन तिनं परकराच्या नेफ्यात खोवली आणि खराटा घेऊन अंगण झाडायला लागली. अंगण सकाळीच झाडून झालं होतं.

आत सोप्यात कानडी चाललं होतं. अप्पा आणि पाटील दोघंही चिकोडीकडचे, आईचं माहेरही तिकडचंच. तिघं एकत्र आले की मराठी खुंटीला अडकवून ठेवायचे. राजमती कोल्हापुरात जन्मली, शुक्रवार पेठेत वाढली. तिला कानडीतलं ‘बा’ म्हणजे ये आणि ‘ऊटा’ म्हणजे जेवण, एवढंच कळायचं. पावणं गेलं, की काय बोलणं झालं ते आई तिला सांगायची.

दोन वर्षं आई सांगत होती. आधी म्हणाली, गुऱ्हाळ उठल्यावर कागद करू म्हणत्यात. मग, चातुर्मासात नव्या घरात जायचं नसतं म्हणत्यात. मग अधिक महिना आला. मग पाटलांचा पोरगा मिरजेहून यायचा होता, तो येता येईना. घराचा इसार घेऊन झालेला, सुपारी फोडून झालेली, आणि हा माणूस महिन्यातनं एकदा यायचा, बशीत ओतून चहा प्यायचा आणि निघून जायचा. घराकडं बघायचासुद्धा नाही.

दोन वर्षांमागच्या जूनमध्ये सगळं ठरलं होतं. दसऱ्याला घर पाटलांच्या ताब्यात द्यायचं आणि आजऱ्याला जायचं. तिथं मामाच्या ओळखीनं अप्पांना काजूच्या कारखान्यात दिवाणजीची जागा मिळणार होती. मग तीन महिन्यांसाठी इथली फी कशाला भरायची? अप्पांनी जाऊन शाळेतनं राजमतीचा दाखला काढून आणला. ती नुकती नववीत बसली होती, पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती. दाखला पत्र्याच्या ट्रंकेत आईच्या शालूखाली गेला. आजऱ्याच्या शाळेत दाखवायला म्हणून.

तो अजून तिथंच होता. राजमती सोळाची झाली. धाकटा भरत तिच्याच बोटाला धरून चालायला शिकला, तिच्या भाकरी आईच्यापेक्षा गोल व्हायला लागल्या. शेजारची कालिंदी यंदा मॅट्रिकला होती. ती दप्तर घेऊन निघायची त्या वेळेला राजमती पुढचं दार लावून घ्यायची.

आणि हे सगळं ह्या एका माणसाच्या चालढकलीपायी.

पाटील बाहेर आले. टोपी नीट केली, सायकल स्टँडवरनं काढली आणि थांबले.

"अरेच्चा! चाक बसलंय की."

"काटा लागला असंल," अप्पा दारातनं म्हणाले. "चौकात गुंडूचं दुकान हाय बघा."

"मी दाखवतो चला," राजमती म्हणाली.

"तू नगं!" आई आतनं जवळजवळ ओरडलीच. "अप्पा जातील."

पण राजमतीनं खराटा टाकला होता आणि ती गल्लीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा होती. दोन वर्षं पोटात साठवलेलं आज तिला ओकायचं होतं.

पाटील सायकल ढकलत मागनं आले. आई दारात येऊन उभी होती. वळण येईस्तोवर राजमती काही बोलली नाही. वळण आलं तशी फिरली.

"पावणं, घर घ्यायचं नसंल तर तोंडानं सांगून टाका की. दोन वर्सं नुसतं च्या पिऊन जातायसा. लाज कशी वाटत न्हाय वो?"

पाटील थांबले.

"कुणाला म्हणतीस, अव्वा?"

"तुमास्नीच. आणि कोन हाय हितं?"

"मी कशाला लाजू? मी तर दर महिन्याला तारीख मागाय येतोय."

"खोटं बोलू नका! आधी तुमचं गुऱ्हाळ उठायचं हुतं, मग चातुर्मास, मग..."

"माझं कुठलं गुऱ्हाळ?" पाटलांना खरंच नवल वाटलं. "मी बावड्याच्या साखर कारखान्यात कारकून हाय. माझ्याकडं उसाचं एक टिपरू न्हाय, पोरी."

त्यांनी सायकलीचं हँडल धरलं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग होता. हा डाग राजमतीनं दर महिन्याला बघितला होता, चहाची बशी हातात देताना. गुऱ्हाळवाल्याच्या बोटाला शाई कशी, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. पेठेत कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, कुणाच्या घरी दूध कमी आलंय, सगळं दिसायचं तिला.

"आणि चातुर्मास?"

"त्ये तुझी आई म्हणाली. चातुर्मासात ऱ्हातं घर सोडू ने म्हणून. म्या म्हनलो, बरं."

राजमती चार पावलं चालली. मग खाली बघत म्हणाली,

"एक इचारू? ‘मुंदिन तिंगळ’ म्हंजे काय वो?"

"पुढच्या महिन्यात."

ती उभी राहिली. दर खेपेला, पाटील उठायच्या आधी, शेवटचा शब्द तोच असायचा. इतक्या वेळा कानावर पडला होता, की झाडताना, भांडी घासताना तो तिच्या तोंडात घोळायचा. आणि तो पाटलांच्या आवाजात नव्हता. आतल्या दारापासनं यायचा, जरा लाडानं, बांगड्यांच्या आवाजासकट.

"मग आजऱ्याची जागा?" तिनं विचारलं. विचारायच्या आधीच तिला कळत होतं.

"ती पयल्या दसऱ्यालाच मोडली न्हवं? तुझ्या मामानं दुसराच मानूस घेतला. म्या म्हनलो, मग व्यवहार मोडूया, माझं काय न्हाय. तर तुझी आई म्हणाली, मोडू नगा. मोडला तर पोरगी उद्याच दप्तर घिऊन बसंल, आणि ह्या बारक्याला कोन बघणार..." पाटील बोलता बोलता थबकले. तिच्या तोंडाकडं बघत राहिले. "तुला ठावं न्हवतं व्हय?"

पाटलांनी उगाच घंटी एकदा वाजवली.

"मला नातीसाठी घ्यायचं हुतं," ते हळू म्हणाले. "मुलींची शाळा जवळ हाय म्हून. आता सुपारी फोडल्याली, दुसरीकडं कसं बघू? अजून येतोय."

गुंडूच्या दुकानात गुंडूनं चाक फिरवून बघितलं आणि पचकन थुंकला.

"काटाबिटा काय न्हाय. पिनच काढलीया कुणीतरी. गल्लीतली पोरं लई माजलीत, पावणं."

राजमतीनं नेफ्यातली पिन काढून त्याच्यापुढं धरली. गुंडूनं पिनेकडं बघितलं, मग तिच्याकडं. तोंड उघडणार तेवढ्यात पाटील म्हणाले,

"हवा जरा जास्त मार. लांब जायचंय."

जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, पण ठेवला नाही.

घरी आई सोप्यात तांदूळ पाखडत बसली होती. अप्पा कुठं दिसत नव्हते. भरत आईच्या पदराला धरून किरकिर करत होता. आईनं सूप न थांबवता वर बघितलं.

"आलीस? काय म्हनला गं म्हातारा? लावलं असंल रडगाणं. मेल्यानं आमचं घर अडकवून ठिवलंय."

एरवी अशा वेळी राजमती आईच्या वरताण शिव्या घालायची. दोघींची ती रीतच झाली होती. पाटील गेले की दोघी मिळून त्यांना धुऊन काढायच्या, आणि मग हसायच्यासुद्धा. आज ती सरळ आत गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सोप्यात सूप जरा हळू झालं.

शालूखाली दाखला चार घड्या घालून ठेवलेला होता. घड्यांवर पिवळा पडला होता. राजमतीनं तो उलगडला. नाव, जात, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. खाली हेडमास्तरीणबाईंच्या हिरव्या अक्षरात शाळा सोडल्याचं कारण: पालकांचे स्थलांतर.

तिनं तो पुन्हा घडी केला, पण ट्रंकेत ठेवला नाही. हातात घेऊन सोप्यात आली, पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर बसली. कालिंदी शाळेतनं यायची वेळ झाली होती.

आईनं तिच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. मग बघितलं नाही असं करून म्हणाली,

"राजे, भरताला घे की जरा. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची हायत. भातबी तूच टाक."

राजमतीनं गल्लीवरची नजर काढली नाही.

"मुंदिन तिंगळ," ती म्हणाली.

आईच्या हातातलं सूप वर उचललेलं तसंच राहिलं. त्यातले तांदूळ एका कडेला सरकले आणि एकेक करून जमिनीवर पडायला लागले.