आकाशाविरुद्धचा कौल

सरिताने विमान उडवणे सोडावे की नाही, हा प्रश्न किन्हवलीच्या घरात सुटेना, तेव्हा तो मुरबाडकडच्या कुळाच्या देवापुढे ठेवायचे ठरले. माझी ही भाची वैमानिकाचे शिक्षण घेत होती. खासगी परवान्यासाठी एकटीने करायचे शेवटचे लांब उड्डाण उरले होते आणि सोमवारी तिला धावपट्टीवर हजर व्हायचे होते. मी संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला मामा. देवाच्या जोडीला आकडाही असावा, म्हणून मलाही पिकअपमध्ये बसवण्यात आले.

"दादा, तुमीच सांगा तिला," माझी बहीण गुणाबाई वाटेत म्हणाली. "विमान धोक्याचं का गाडी?"

प्रवासी विमानांचे आकडे फेकले असते तर सरिता तिथेच जिंकली असती. पण ते आकडे तिच्या दोन आसनी विमानाचे नव्हते.

"मोठं विमान गाडीहून कितीतरी सुरक्षित," मी म्हणालो. "हिचं लहान विमान मात्र गाडीहून धोक्याचं. तासाला तास धरला तर मोटरसायकलीच्या पंगतीला बसेल."

"म्हंजे मी रोज विमानच उडवतो की," गाडी चालवणारा सरिताचा भाऊ हरेश हसला. तो रोज मोटरसायकलवरून हेल्मेटशिवाय शहापूरला जाई. त्याच्यासाठी कुणी कधी देवापर्यंत गेले नव्हते.

"तुला निघायच्या आधी नाय म्हणायला कुणी शिकवलं नाय," सरिता म्हणाली. "आमाला पयलं तेच शिकवतात."

देवस्थानी पोचल्यावर भगताने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवले. उजवीकडचा दाणा आधी पडला तर विमान सोडायचे. उजवाच पडला. सरिताचा बाप देवराम सुटकेने डोळे पुसू लागला; सरिता पाषाणाकडे बघत राहिली. मग कोंबडा झाला, मानाची बाटली फुटली. थोडी देवाला, उरलेली पुरुषांना. हरेशने ग्लास पुन्हा पुढे केला.

निघताना सरिता पिकअपच्या दाराशी आडवी उभी राहिली.

"तू पिलायस."

"देवाची हाय ती. देवाची चढत नाय."

हा सिद्धांत माझ्या वाचनात कधी आला नव्हता. पण पंचक्रोशीत त्याला एकही विरोधक नसावा. देवरामने गंभीरपणे मान डोलावली.

"चावी दे. मी चालवते."

"देवानं आत्ताच तुला चालवू नको सांगितलं," हरेश म्हणाला, "आणि लगीच स्टेअरिंग?"

"मग मी बसत नाय."

"कौल उलटा गेला म्हणून रुसली गो," म्हणत देवराम पुढे जाऊन बसला. गुणाबाईचा एक पाय पायरीवर होता. तिने लेकीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि पाय खाली घेतला. पिकअप धुरळा उडवत गेली.

आम्ही तिघे एसटीची वाट पाहत राहिलो. प्रत्येक हॉर्नला गुणाबाई उठे आणि पुन्हा बसे.

"हरेश फोन उचलत नाय गो."

"चालवताना उचलत नाय तेच बरं, आई."

ती बसमध्येही दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून होती. वाटेत एका वळणावर गर्दी दिसली तेव्हा ती खिडकीकडे वाकली. ती भाजीच्या टेम्पोभोवतीची गर्दी होती.

घरी दोघे बापलेक जेवत बसले होते.

"पोचलो का नाय सुखरूप?" हरेशने मलाच विचारले.

पोचले होते. तोच त्यांचा पुरावा होता. जे पोचत नाहीत त्यांची साक्ष काढता येत नाही, या एका अडचणीवर माझे सारे शास्त्र उभे आहे. ते त्या ताटासमोर निरुपयोगी होते.

"देव पाठीशी हाय," देवराम म्हणाला. "पोरी, सोमवारी येत नाय म्हणून तिकडं कळवून टाक."

"ती जाईल," गुणाबाई म्हणाली. ती अजून उंबऱ्यातच होती. "एसटीनं. हरेशच्या गाडीवर ती बसायची नाय."

"आणि कौल?" देवरामने विचारले.

"आज सगळ्या वाटेनं जीव टांगला होता माझा. तो काय विमानापायी?"

देवरामचा घास हातातच राहिला. "ती वर गेल्यावर टांगणार नाय?"

"टांगंल की," ती म्हणाली. "पण थांबायचं कवा, ते तिला कळतं."