दुसरी गडगडी

देवमनच्या वडिलांच्या नावाला 'राव' चिकटलं ते एका चावीमुळे. तोवर सारं रिठद त्यांना पंजाब्या म्हणायचं, आणि म्हणणाऱ्यांत त्यांच्या पोरापेक्षा लहान पोरंही असायची. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गावातल्या जुन्या विहिरीने तळ दाखवला, आणि सरकारने बौद्धवस्तीत खोदलेल्या विहिरीला मात्र ध्यानीमनी नसताना गोड पाणी लागलं. ज्यांनी कधी वस्तीकडे मान वळवून पाहिलं नव्हतं त्यांच्या घागरी वस्तीत आल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे गरजेनेच थोडी आली. पाणी पुरवून वापरायचं म्हणून पंचायतीने विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि चावी वस्तीतला शहाणासुरता माणूस म्हणून पंजाबच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून ते पंजाबराव झाले.

पुढे दुष्काळ सरला, विहीर तुडुंब भरली, पण कुलूप काही निघालं नाही. चावी पंजाबरावांच्या करदोट्याला असायची. सकाळ-संध्याकाळ ते सावकाश चालत विहिरीवर जात, आधी घसा खाकरत, मग झाकण उघडत. "पंजाबराव, आज उशीर केला जी," असं पाटलांच्या घरची तुळसाबाई म्हणाली की त्यांचा दिवस चांगला जायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवमन मुंबईहून सुटीवर आला तेव्हा त्याच्याही खिशात एक चावीच होती म्हणायची. फक्त ती दिसणारी नव्हती.

तो ज्या सरकारी संस्थेत होता, तिथे एक कॉम्प्युटर यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा. काचेवर हिरव्या रेघा उमटायच्या. दात्यांचं चाक सांगा, नळाचं वळण सांगा, काढून मोकळा. पण त्याला येत तेवढेच आकार. कारखान्याच्या एखाद्या इंजिनिअरला वेगळं काही हवं असलं की त्याने देवमनच्या विभागाबाहेर बाकावर येऊन बसायचं. आत कुणाला सवड झाली की तो मूळ प्रोग्राम उघडून त्यात नवा आकार घालून द्यायचा. सवड व्हायला महिने लागत. देवमनने यावर तोड काढली होती. बाहेरच्या माणसाने आपला लहानसा प्रोग्राम आपणच लिहावा, त्यातून ठरलेल्या नावांनी हाक मारावी, 'रेघ काढ', 'कमान काढ', 'हे एवढं फिरव', आणि मूळ प्रोग्रामने ती हाक ऐकावी. हाका कोणत्या आणि कशा मारायच्या, तेवढं त्याने पक्कं करून दिलं. मूळ प्रोग्रामला हात लावायची गरज नाही आणि बाकावर बसायचीही नाही.

काम झाल्यावर साहेबांनी त्याला आत बोलावलं. म्हणाले, "हे सगळ्या कारखान्यांना वाटायचं, की आपल्याजवळ ठेवायचं? आपल्याजवळ ठेवलं तर नवे आकार करून देणारा एक स्वतंत्र विभाग काढू. प्रमुख तू. काम तुझं आहे, तू म्हणशील तसं वर कळवतो. सुटीवरून आलास की सांग."

खरं सांगायचं तर देवमनला गुदगुल्या झाल्या होत्या. मोठमोठ्या कॉलेजांतून आलेले, त्याचं आडनाव ऐकलं की क्षणभर थबकणारे इंजिनिअर आता त्याच्या दाराबाहेर बसणार होते. नको कुणाला वाटेल?

रात्रीची जेवणं झाल्यावर ओट्यावर त्याने हे वडिलांना सांगितलं. रेघा, हाका, बाक, साहेब, सगळं. पंजाबरावांनी कॉम्प्युटर सोडून दिला आणि नेमकं कामाचं तेवढं उचललं.

"म्हंजे वाटून देलं, तं ज्याले लागन त्यानं आपलं आपण करून घ्याव?"

"हो."

"तुले इचारू नये?"

"विचारायची गरजच नाही राहणार, बा."

पंजाबरावांनी करदोट्याची चावी चाचपली. "मंग तुले कोन इचारीन?" ते म्हणाले. "माहं आयक. हातातली चावी कोनी देते काय? चावी गेली का राव बी गेलं."

आई, दुर्गाबाई, आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थोडा वेळ थांबला आणि पुन्हा सुरू झाला. देवमनला वडिलांचं म्हणणं पटलं. पटलं म्हणजे, जे त्याला हवंच होतं ते दुसऱ्याने बोलून दाखवल्यामुळे बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक मालेगावच्या बाजाराला बैल पाहायला गेले. बैल काही पसंत पडला नाही. एकाची शिंगं वाकडी, दुसऱ्याचा मालक वाकडा. पंजाबरावांनी भेटेल त्याला "हा आमचा देवमन, मंबईत सायेब होऊन राह्यला" असं सांगितलं, दोन ठिकाणी चहा झाला, आणि या नादात परतीची बस डोळ्यांसमोरून गेली. दुसरी मिळेपर्यंत दिवस कलला. चावी अर्थातच पंजाबरावांच्या करदोट्याला होती.

गावात शिरले तेव्हा विहिरीभोवती बायका बसल्या होत्या. घागरी रिकाम्या, उन्हात तापलेल्या. तुळसाबाई, एवढ्या पाटलाची बायको, डोक्यावर पदर ओढून मातीत बसली होती. आणि त्यांच्या शेवटी, आपली घागर मांडीशी धरून, दुर्गाबाई बसली होती.

पंजाबराव गडबडले. "तू काहून बसली वं? घरी तं रांजन भरेल हाये."

"रिता केला," दुर्गाबाई म्हणाली. "लेकरायले तहान लागली व्हती, त्यायले देलं. मंग मी बी येऊन बसली. लई वर्सानं बसली."

"मले काय मालूम बस चुकन म्हून?"

"तुमाले काहीच मालूम नाई." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो साऱ्यांना ऐकू गेला. "जुन्या विहिरीवर मी अशीच बसो. दूर. कोनाले कीव आली तं वरून पानी वते, नाई आली तं उन्हं उतरेलोक बसून राहा. तुमी कदी बसले काय तिथं? पानी तं बाईच आनते. तुमाले घरात भरेल घागर दिसे. तुमी फकत 'पंजाबराव' आयकलं. बसनं कसं असते, थे तुमाले ठाव नाई."

तुळसाबाईने मान खाली घातली. जुन्या विहिरीवर ओतणाऱ्यांत ती होती, आणि कीव न येणाऱ्यांतही एखादवेळी असेल.

पंजाबरावांच्या हाताला करदोट्याची गाठ लवकर सुटेना. शेवटी देवमनने चावी सोडवली आणि झाकण उघडलं. बायका पाणी भरून गेल्या. आईची घागर देवमनने स्वतः ओढली, आणि ओढताना त्याला विभागाबाहेरचा तो बाक दिसत राहिला. बाकाला सावली होती, पंखा होता. तरी तो बाकच होता. आपण त्या बाकावर माणसं बसवायला निघालो होतो याची त्याला मनापासून लाज वाटली.

सकाळी तो उठला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीला विहिरीचं कुलूप लटकत होतं, चावीसकट.

"तुह्या पेटीले कुलूप नोयतं," पंजाबराव दुसरीकडे पाहत म्हणाले. "रस्त्यानं चोर असतात."

पुढचे काही दिवस पंजाबरावांना फार जड गेले. ते ओट्यावर बसून राहत आणि बायका समोरून पाणी घेऊन निघून जात. घसा खाकरायचंही कारण उरलं नव्हतं. दुर्गाबाईने एक दिवस बोलून न दाखवता त्यांच्या आवडीचं बेसन केलं, तेही त्यांना गोड लागलं नाही. देवमनला बापाची दया आली, पण कुलूप त्याने परत दिलं नाही.

तो निघायच्या दिवशी सकाळी विहिरीकडून ठोकाठोकीचा आवाज आला. पंजाबराव तरातरा निघाले, मागोमाग देवमन. पाहतात तर तुळसाबाईचा मुलगा जगदेव विहिरीच्या पलीकडच्या काठावर दोन लाकडं रोवून त्यावर दोर ओढायची गडगडी बसवत होता. अलीकडे जुनी गडगडी होतीच. ही दुसरी, घरच्या मळ्यातून उचलून आणलेली, तेल पाजलेली. आता दोन बाजूंनी दोन दोर पडणार होते. शेजारी कुणीतरी कपडे धुवायला फरशीही टाकून ठेवली होती, आणि ती कुणी टाकली हे अजूनपर्यंत कुणाला माहीत नाही.

पंजाबरावांचा जुना आवाज परत आला. "काहून रे जगदेव, कोनाले इचारून बसवून राह्यला?"

जगदेवने वर पाहिलं. "कोनालेच नाई, काका. कुलूप नोयतं, तं म्हनलं बसवून द्याव. मायचं मनगट दुखते, गर्दीत तिले जमत नाई." मग म्हणाला, "लाकूड हालून राह्यलं पन. तुमी जरा धरता काय?"

या विहिरीवर दुसरी गडगडी बसू शकते हे इतक्या वर्षांत पंजाबरावांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? त्यांचं सारं ध्यान चावीकडे. मग ते हसले, धोतराचा काचा खोचला आणि लाकूड दोन्ही हातांनी गच्च धरून उभे राहिले.

"सरळ ठोक," ते म्हणाले. "अन् खालतं दगड भर, नाई तं पावसाळ्यात कलते."

'काका' म्हणाला हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. देवमनच्या आलं. चावी हातात येईपर्यंत जगदेवच्या बापाने त्यांना पंजाब्याच म्हटलं होतं.

बसमध्ये देवमनने पेटी पायाशी ठेवली. साहेबांना काय सांगायचं ते ठरलं होतं: सगळ्यांना वाटून टाका, हाका कशा मारायच्या ते छापून. कोण कुठला इंजिनिअर त्याला न विचारता कसला आकार काढील, या विचाराने त्याला आताच मजा वाटू लागली होती. मुंबईला पोचल्यावर पेटी उघडायला गेला तेव्हा लक्षात आलं, विहिरीच्या त्या कुलपाची चावी ओट्यावरच राहिली होती. त्याने दगडाने कुलूप फोडलं.