पायाळूची लाथ

मारुतीच्या देवळासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. पारावर दोघांनी काखेत धरून मुंजाजीला बसवलं होतं, पाय खाली लोंबकळत. समोर भुजंगबुवा. अंगभर भस्म, हातात चिमटा, आणि चेहऱ्यावर सगळ्या गावाचा जावई असल्याचा रुबाब. त्यांनी डोळे मिटले, घशातून घुरघुर काढली आणि चिमट्याचं बूड मुंजाजीच्या गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारलं. मेलेला पाय ताडकन उडाला.

"भुजंगबुवाच्या नावानं चांगभलं!"

पौषात सेलूच्या बाजाराला कापूस नेताना मुंजाजी भरल्या गाडीवरून पाठीवर पडला होता. बेंबीखाली सगळं बधिर झालं. सुरुवातीला पाय ओल्या फडक्यासारखे पडून होते. शिमग्याच्या सुमाराला हे बुवा उगवले, अंगारा लावला आणि पाय उडायला लागला. मग काय विचारता! बायका ओवाळायला लागल्या. त्यातून बुवा पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेले. पाठीत उसण भरली की पायाळूची लाथ खायची, ही गावाची जुनी रीत. उसणीला हलकी लाथ, तर मोडलेल्या पाठीला जोराची, हा हिशेब गावानं चुटकीसरशी केला.

"देव पायात उतरायलाय, पर कमरेत अडकलाय!" बुवा गरजले. "घाला पालथा. एक लाथ घालतो अन् देव मोकळा. ह्यो उठून पळाला न्हाई, तर नाव बदलीन!"

मुंजाजीला घाम फुटला. पाय उडाला हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं; जाणवलं काहीच नव्हतं. जणू शेजाऱ्याचा पाय. मात्र उजव्या पायाच्या अंगठ्यात अलीकडे मुंग्या येत होत्या. तेवढा अंगठाच काय तो त्याचा उरला होता, आणि तो आता या राख फासलेल्या बुवाच्या टाचेखाली जाणार होता. म्हणून तर लाथेचं कानावर येताच त्यानं सकाळीच मेहुण्याला, सटवाजीला, सेलूच्या डॉक्टरकडे पिटाळलं होतं.

"अगं, थांबीव ह्यांना," तो बायकोला म्हणाला.

"आवो, पाय हालला की तुमचा! समदं गाव बघायलंय," कमलबाई रडता रडता हसत होती.

तेवढ्यात सटवाजी डॉक्टर अनंतरावांना घेऊन गर्दीत घुसला. डॉक्टरांनी आधी मुंजाजीला सपाट निजवलं. मग बुवांना मोठ्या अदबीनं पारावर बसवलं.

"महाराज, पाय असे सैल सोडा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढा. काही झालं तरी पाय हलवायचा नाही."

"देवाच्या हुकमाबिगर आमचं बोटबी हालत न्हाई."

डॉक्टरांनी तळहाताच्या कडेनं वाटीखाली टोला दिला. बुवांचा पाय उडाला आणि समोरचा पाण्याचा तांब्या कलंडला. पुन्हा टोला, पुन्हा पाय वर.

"तुमचीबी कंबर मोडली का वो बुवा?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

डॉक्टर लोकांकडे वळले. "पाठीच्या मणक्यांतून मेंदूपासून खाली कमरेपर्यंत एक दोरी जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. मेंदूचे हुकूम तिच्यातून खाली जातात, अंगाच्या खबरी वर येतात. मुंजाजीची ती दोरी चेचली आहे. पण गुडघ्याखाली टोला बसला की खबर कमरेतल्या दोरीपर्यंत जाते, आणि तिथूनच, मेंदूला न विचारता, पाय उडवला जातो. हैदराबादेहून सरकारी हुकूम यायच्या आधीच चावडीवरचा शिपाई काठी उगारतो ना? तसंच हे. मोठा मार बसला की ही उडी काही आठवडे बंद पडते, मग आपोआप परत येते. बुवा नेमके तेव्हा आले. मुंडकं उडवलेली कोंबडी अंगणात नाचते, तिच्यात कोणता देव येतो?"

डॉक्टरांनी मुंजाजीच्या डोळ्यांवर उपरणं टाकलं, गुडघा हातावर उचलून टोला दिला. पाय उडाला.

"काय झालं, मुंजाजी?"

"कुठं काय झालं?"

कमलबाईचा चेहरा उतरला. मग डॉक्टरांनी उजवा अंगठा चिमटीत धरला.

"आँ? अंगठा धरलाय कोनी?"

"म्हणजे दोरीचे काही धागे शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक लाथ बसली असती, तर तेही गेले असते."

"आमी पायाळू हाओत!" बुवा किंचाळले. "आईच्या पोटातून आमी..."

"पायानं आलात, त्यात हाल तुमच्या आईचे झाले!" कमलबाई नवऱ्याच्या पुढे आडवी झाली. "तुमी काय केलंत त्यात? उचला पाय, मग दावते!"

बुवांनी चिमटा उचलला आणि पाथरीची वाट धरली. या वेळी मात्र दोन्ही पाय त्यांच्याच हुकमानं धावत होते.

"डॉक्टरसायब, हे चालतील का?" कमलबाईनं विचारलं.

"सांगता येत नाही, बाई. खोटा भरवसा द्यायला मी बुवा नाही. फळीवर सपाट निजवा, वरचेवर कुशीला वळवा, वळवताना पाठ सरळ राहू द्या, अंग कोरडं ठेवा. जेवढं वाचलंय तेवढं आधी जपू."

लाथेच्या वेळी मुंजाजीला दाबून धरायला आलेल्यांनीच दाराची फळी आणली. त्यांत माणिकराव पाटीलही होते. ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलं डॉक्टरसायब. पाय उडाला, अन् आमाला वाटलं..."

"याच्या मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही, तो अपघात झाला," डॉक्टर म्हणाले. "तुमचे कणे तर धड आहेत, माणिकराव. बुवाच्या मागं धावताना मेंदूला विचारायला तुम्हाला काय झालं होतं?"