कात काढायचा खेळ

खंडाळ्याच्या त्या बंगल्याच्या आवारातला खैर गेल्या पावसाळ्यात वाऱ्यानं मुळासकट उलथला आणि दिवाळीपर्यंत तसाच आडवा पडून राहिला. शेवटी वनखात्याचा कागद हातात आल्यावर मालक म्हणाले, "हिराबाई, न्या हे जळणाला." तीस वर्षं तिथला पालापाचोळा झाडणाऱ्या हिराबाईनं मान हलवली. पण जळणाला? खैर, आणि जळणाला? तिनं मनाशी ठरवलं, याचा कात काढायचा.

हिराबाई कातकरी. आणि गंमत बघा, कातकरी म्हणून जिचा जन्म गेला, तिनं पानाची टपरी सोडून कात कुठं पाहिला नव्हता. तिच्या पणजीच्याही आधी सगळी वाडी हिवाळ्यात काताच्या भट्ट्या लावायची म्हणे. मग घाटात गोऱ्या साहेबाचे रूळ आले, रान मोजलं गेलं, हद्दीचे दगड रोवले गेले आणि एका सकाळी रान सरकारी झालं. खैराला कोयता लावला की गुन्हा. शिपाई यायचे, मडकी फोडायचे, माणसं धरून न्यायचे. कात गेला, नाव तेवढं मागं राहिलं. तेही लोक घेणार ते तोंड वाकडं करून!

पण हिराबाईची आजी, बयाबाई, मोठी बेरकी. आईकडून शिकलेला एक खेळ तिनं वाडीतल्या पोरींना शिकवला. आधी जमिनीत परातीएवढा खड्डा खणायचा, त्यात पळसाची पानं अंथरायची. मग काटकीला शेंदूर लावून तिची माफी मागायची. तांबड्या मातीचं पाणी मडक्यात खोटंखोटं उकळायचं, फडक्यातून गाळायचं, पुन्हा उकळायचं. मध्येच बयाबाई ओरडायची, "सायेब आला!" की सगळं खड्ड्यात ओतायचं, वर पानं टाकायची आणि खिदळत करवंदीच्या जाळीत पळायचं. काय दिवस होते ते! जाळीत आजीच्या लुगड्याला बिलगून बसायचं, हसू दाबून दाबून पोट दुखायचं. त्या लुगड्याचा धुरकट वास हिराबाईला अजून जसाच्या तसा आठवतो. खेळ तिथंच संपायचा.

आणि नेमकं हेच तिला आता खुपत होतं. पाक घट्ट झाल्यावर पुढं काय करायचं, ते आजीनं कधी सांगितलंच नाही.

"यूट्यूबवर बघू का?" कॉलेजात जाणारी नात, कोमल, म्हणाली.

"बघ की. तितं माजी आजी दिसली तर सांग."

बोलली खरी, पण मनात धास्ती होतीच. म्हातारीचा खेळ म्हणजे नुसती पोरं रमवायची गंमत निघाली तर? मग आपल्यापाशी उरलं काय?

मालकांना विचारून तिनं आवाराच्या कोपऱ्यात चूल मांडली. कोमलला आधी खड्डा खणायला लावला.

"आजे, खड्डा कशाला? आता कोण येतंय आपल्यामागं?"

"खेळात खड्डा पयला असतो. गप खण."

मग खड्ड्यात पळसाची पानं अंथरून, खैराला शेंदूर लावून तिनं हात जोडले. "बाबा, तुला न इचारता वाऱ्यानं पाडलं. राग धरू नगंस." आतल्या लाल गाभ्याच्या ढलप्या टोपात पडल्या. दुपारपर्यंत पाणी असं रंगलं, की हिराबाई बघतच राहिली. तांबड्या मातीचं व्हायचं, अगदी तसंच! आजी खोटं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाक पळीला ओढू लागला. आता उतरवायचा की आणखी आटवायचा? तिची पळी अधांतरी थांबली. तेवढ्यात फाटकावरचा गोरख ओरडला, "मावशी, साहेब आले! गाडी लावायला जागा करा!"

झालं! पदरानं टोप उचलून हिराबाईनं सगळा पाक खड्ड्यात ओतला, वर पानं लोटली आणि साठीची ती बाई धावत जाऊन जास्वंदीच्या कुंपणामागं दडून बसली. कोमल आ वासून बघत राहिली.

गाडी मालकांचीच होती. भान आलं तेव्हा हिराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "माज्याच हातानं मातीत घातलं गं! सायेब जाऊन किती वर्सं झाली, अन् मी अजून पळतीय." ती ढसाढसा रडली. मग तीन दिवस तिनं त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा फिरवला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कोमलनंच पानं बाजूला केली आणि हाक मारली. खड्ड्यात गडद तांबूस गोळा थिजून बसला होता, अंगावर पळसाच्या पानाच्या शिरा उमटलेल्या. हिराबाईनं नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. आधी तोंड तुरट होऊन आवळलं, मग हळूहळू गोडी उतरली.

ती तिथंच मातीत बसली. "खड्डा लपवायला नव्हताच गं. कात त्यातच थिजतो. म्हातारीनं सगळं शिकवलं व्हतं, कायबी मागं ठेवलं न्हाई."

"मग पळायचं कशाला?"

हिराबाईनं दुसरा तुकडा काढून नातीच्या तळहातावर ठेवला.

"ते सायबानं शिकवलं. आपल्यात न्हवतं ते."