पाणी भरल्यावर सही करीन

आमच्या इमारतीत अठरा घरं. सतरा जणांनी सही केली होती, अठरावी माझी राहिली होती. जुनी चार मजली इमारत पाडून चौदा मजली बांधायची आणि मागच्या पट्टीवर भर घालून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असा बेत होता. सोसायटीचा सेक्रेटरी कोण, तर माझाच मुलगा. एक खोली जास्त मिळणार म्हणून त्याने पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

ती पट्टी म्हणजे खाडीच्या कडेचा उंचवटा. थंडीत लांबच्या मुलखातून पक्षी येतात, चिखल्या येतात, तुतवार येतात. ओहोटीला ते दूर चिखलात किडे वेचतात, आणि भरतीने चिखल बुडाला की पाय टेकायला त्यांना एवढीच जागा उरते. चाळीस वर्षं खिडकीत बसून मी मासेमारीची जाळी विणली. घड्याळ बघायला नंतर शिकले, पाणी बघायला आधी.

बिल्डरच्या तज्ज्ञाने पाहणी करून लिहून दिलं, 'पक्षी आढळले नाहीत.' त्याला खोटारडा म्हणणार नाही मी. पट्टीवर जायची वाट भरतीला बुडते. बूट कोरडे ठेवायचे तर माणसाने ओहोटीलाच जावं, आणि ओहोटीला पाहुणे जेवायला गेलेले. लोक कामावर गेल्यावर दार ठोठावायचं आणि घर रिकामं आहे म्हणून लिहायचं, तशातला प्रकार. हे मी सुनेकडून वनखात्याला द्यायच्या अर्जात लिहून घेतलं. ती म्हणाली, "आई, जरा नरम लिहू का?" म्हटलं, "नरम तुझ्या नवऱ्याशी बोल. इथे मी सांगते तसं लिही."

अर्जावरून सरकारी बाई आल्या, सकाळी साडेनऊला. वयाने माझ्या सुनेएवढ्या, गळ्यात दुर्बीण. बरोबर बिल्डर. त्यानेच ती वेळ ठरवलेली. खिडकीबाहेर क्षितिजापर्यंत नुसता चिखल, आणि पट्टीवर एक चिटपाखरू नाही.

"बघा मावशी," बिल्डर म्हणाला, "आता तरी सही कराल ना?"

"करीन की. पाणी भरल्यावर. एक वाजेपर्यंत पट्टीवर पक्षी बसले नाहीत तर तुमच्या पेनाने सही करीन."

मुलगा माझ्या कानाशी आला. "आई, लोकांसमोर पैज कशाला?"

"मग कुणासमोर लावू, भिंतीसमोर?"

सरकारी बाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली. बिल्डर तीन तास माझ्या खाटेवर बसला. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. मी हातातलं जाळं पुढे विणत राहिले.

साडेबाराला वाट बुडाली आणि ते आले. आधी धुरासारखे, मग वळले की पांढरे, पुन्हा वळले की करडे. सरकारी बाई उभ्याच राहिल्या. पण थवा पट्टीवर उतरेना. एक फेरी, दोन फेऱ्या, आणि सरळ खाडीपलीकडे निघाला. तेव्हा माझ्या कानात शिरलं. पट्टीच्या टोकाला जमिनीत भोक पाडायचं यंत्र नुकतंच धडधडायला लागलं होतं. मातीची तपासणी म्हणे.

"ते बंद करायला सांगा," मी म्हटलं.

बिल्डरने फोन कानाला लावला. "उचलत नाहीत. त्या आवाजात ऐकू कसं येणार? आणि मावशी, पैज पक्षी बसण्याची होती." पेन त्याने टेबलावर ठेवलं. घड्याळात पावणेएक.

मी उठायला गेले तर गुडघ्यांनी साथ दिली नाही. मुलाकडे बघितलंसुद्धा नाही मी. त्याचं मन मला ठाऊक होतं, आणि हात पसरून मिळालेलं मला पचत नाही. पण जिन्यावर पावलं वाजली. खिडकीतून बघते तर सेक्रेटरीसाहेब इस्त्रीच्या पँटीनिशी गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या वाटेवरून चाललेले. एकदा घसरले, पार कमरेपर्यंत भिजले, उठले, पुन्हा चालले. हात हलवून यंत्रवाल्यांशी काहीतरी भांडले. धडधड थांबली. थवा बिचकू नये म्हणून माणसांना घेऊन तो मागे आला आणि पाण्यातच उभा राहिला, हलला नाही.

सूनबाई पुटपुटली, "सर्दी होणार आता यांना."

"होऊ दे," मी म्हटलं. त्याच्या पहिल्या पगारालासुद्धा माझी छाती एवढी फुगली नव्हती.

थवा माघारी आला. एकला पाच कमी असताना पट्टी दिसेनाशी झाली, नुसती पाठीला पाठ. सरकारी बाई मोजायला लागल्या आणि अडखळल्या.

"एकेक मोजू नका," मी सांगितलं. "जाळ्याची घरं कुणी एकेक मोजत नाही. वीसचा तुकडा डोळ्यात धरा आणि तो पुढे पुढे ठेवत जा."

त्या हसल्या. "आजी, आम्हाला हेच शिकवतात. दोन वर्षं लागतात शिकायला."

"मग दोन वर्षं माझ्याकडे यायचं होतं."

त्यांचे तेराशे चाळीस भरले, माझे तेराशे साठ. कागदावर त्यांनी माझा आकडा लिहिला.

पट्टीला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम दीड महिन्याने आला. नवी इमारत जुन्या जागेवरच होणार, आठ मजल्यांची, आणि जास्तीची खोली कुणालाच नाही. त्या नकाशावर मी सही केली, माझ्या पेनाने. मीटिंगमध्ये तळमजल्यावरचा शिंपी मुलाला टोचून बोलला, "सेक्रेटरी, तुमच्या आईपायी आमची खोली गेली."

मुलगा फाईल बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "आईपायी नाही. यंत्र मी बंद केलं. काय बोलायचं ते मला बोला."

मी मागच्या बाकावर होते. शिंप्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बोलायला आता घरात दुसरं माणूस होतं.